गेरू-चुना लावलेलं जंगल

मुक्ताबाईचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाई तोंडाने फटकळ. मी एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, त्यामुळे माझंही तोंड काही गोड नाही. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीमागे, नाल्याच्या काठाला, एका संस्थेने सात वर्षांपूर्वी दोन एकरांवर दाटीवाटीने झाडं लावली. करंज, बहावा, कडुनिंब, पळस. त्यांची सगळी देखभाल मुक्ताबाईकडे. मूळची पिशोरची, कपाशीत राबून आलेली. पहिल्याच भेटीत मी तिला म्हणालो की हा सुक्या पाल्याचा ढीग पेटवून द्या. तर म्हणाली, "तुमच्या घराला कुणी काडी लावली तर चालंल का, साहेब?"

रोज सकाळी कामाला लागण्याआधी ती तो पाला काडीने उचकून बघायची. मुंगळे धावले, एखादा काळा भुंगेरा उताणा पडून पाय झाडायला लागला, की बाई खूश. औषध मारून मारून कपाशीवरचे मित्रकिडे कसे गेले आणि मग पांढऱ्या माशीने शिवार कसं खाल्लं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. "झाड काय, टँकरच्या पाण्यावर बी हिरवं दिसतं. खाली किडा हाय का ते बघा," असं ती येईल त्याला सुनवायची. मला ते अजिबात आवडत नसे, कारण ती ते बहुधा माझ्याकडे बघून म्हणायची.

कॉलेजात शिकवणाऱ्या दीपमाला मॅडम दरवर्षी येऊन तिथले किडे मोजत. जमिनीत पेले पुरून ठेवायचे आणि सकाळी आत काय काय पडलं ते नोंदवायचं. गेल्या वर्षी त्रेसष्ट प्रकार निघाले होते. यंदाची मोजणी मात्र निकालाची होती. चाळीस प्रकार निघाले तर जंगल आहे तसं राहणार. नाही निघाले तर तिथं जीव उरला नाही असं धरून झाडं विरळ करायची, फरशी घालायची आणि चालायला ट्रॅक करायचा, असं संस्थेने ठरवून टाकलं होतं.

पाहणीचं पत्र आलं आणि संस्थेचा सुपरवायझर सोमनाथ कामाला लागला. आपल्याकडे पाहणी म्हटली की साफसफाई, दुसरं काही डोक्यात येतच नाही. त्यात संस्थेचे मोठे साहेब येणार होते. सोमनाथने माणसं लावून पाला झाडून काढला, प्रत्येक बुंध्याला कमरेइतका गेरू आणि त्यावर चुन्याचा पट्टा ओढला, आणि पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला बोलावला. मी गॅलरीतून बघत होतो. मुक्ताबाई पंपासमोर आडवी आली.

"मॅडम किडे मोजायला येणार हायेत, तुमचे पट्टे नाय!"

सोमनाथने खिशातून कागद काढून तिच्यासमोर धरला. डासांचा आणि सुरवंटांचा त्रास होतो, औषध मारा, असा आमच्या गल्लीचा अर्ज. चाळीस सह्या, त्यातली पहिली माझी. अर्ज मीच लिहिला होता. वाळत घातलेल्या माझ्या सदऱ्यात सुरवंट निघाला होता आणि त्याचा राग मला या बाईवर काढायचा होता. तिने कागद सावकाश वाचला आणि बाजूला झाली. वर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मोजणीच्या सकाळी मीही खाली गेलो. पहिल्या रांगेतल्या पेल्यांत निघालं काय, तर तीन मेलेल्या मुंग्या आणि नाल्याकडून आलेलं एक झुरळ. औषधाच्या वासाने डोकं उठलं होतं. मोठे साहेब बुंध्यांचे पट्टे बघून "वा, वा" करत होते. तेवढ्यात मागच्या रांगेत सोमनाथ वाकलेला दिसला. लासूर स्टेशनजवळच्या आपल्या शेतातून धरून आणलेले नाकतोडे, ढालकिडे, भुंगेरे तो बरणीतून पेल्यांत ओतत होता. मुक्ताबाईनेही ते पाहिलं.

"मावशी, गप ऱ्हा," तो हळूच म्हणाला. "लासूरच्या शेतातून आणलेत. तुमचंच जंगल वाचायलंय."

मला वाटलं, ती आता बोलणार नाही. मी असतो तर नसतो बोललो. मॅडम मागच्या रांगेपर्यंत आल्या, हरखून लिहायला लागल्या, आणि बाईचा आवाज आला, "लिवू नका, मॅडम. हे लासूरचे हायेत. इथलं समदं यांनी औषध मारून मारलं."

मॅडमनी त्या ओळी खोडल्या. एकूण प्रकार दोन. फवारणी झाल्यामुळे ही मोजणी बाद धरावी, असंही त्यांनी खाली लिहिलं. साहेब तापले. फवारणीचा पुरावा काय, म्हणाले. सोमनाथने तर औषध मारलंच नाही असं सांगून हात झटकले. मुक्ताबाईला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी ती माझ्या दारात उभी. मी आत या म्हटलं नाही. उलट म्हणालो, "गप बसला असता तर जंगल राहिलं असतं ना?"

"आन् पुढच्या पाहणीला पुन्हा औषध, पुन्हा बरणी. आणलेल्या किड्यांवर जंगल किती दिस जगंल?" मग मुद्द्यावर आली. "अर्ज तुमचा. पंप तुमी डोळ्यानं बघितला. तेवढं लिहून द्या. मॅडम म्हणल्या, शेजाऱ्याचं लेखी असलं तर पावसाळ्यानंतर मोजणी पुन्हा व्हईल. माती अजून मेली नाय, किडे येतेत माघारी."

"बघतो," मी म्हणालो.

"बघून झालंय तुमचं. आता लिवा. सोमवारी फरशीचा ट्रक येणार हाय."

मी कागद घेऊन बसलोही होतो. पण लिहायचं म्हणजे आपला अर्ज चुकला हे चाळीस घरांसमोर कबूल करायचं, आणि तेही या फटकळ बाईसाठी. तिने विनवणी केली असती तर कदाचित लिहिलं असतं, अशी मी माझी समजूत घालतो. ती खोटी आहे. मला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा माझा ताठा मोठा ठरला.

सोमवारी ट्रक आला. आता तिथं ट्रॅक आहे, गल्लीतले लोक सकाळ-संध्याकाळ चालतात. मुक्ताबाई कुठं कामाला आहे मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही. एवढं सगळं आज लिहितोय खरं. तेव्हा चार ओळी पुरल्या असत्या.