चामड्याचा सोफा
जवसाच्या तेलाचा वास आला की मला मल्लेश्वरमच्या आमच्या घरातला चामड्याचा सोफा आठवतो. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो घेतला होता. चामडं उन्हानं तडकू नये म्हणून ते खिडकीचा पडदा ओढून ठेवत, मांजराला हाकलत आणि दर रविवारी मऊ फडक्यानं सोफ्याला तेल चोळत. एका दुपारी सात महिन्यांच्या गरोदर वहिनी पोट धरून परसातून आल्या आणि कशाबशा सोफ्यावर टेकल्या. त्यांच्या लुगड्यावर रक्त दिसताच अण्णा ओरडले, "अगं, ऊठ आधी! चामड्याला डाग पडेल." "सरी, अण्णा," असं कानडीत नुसतं 'बरं' म्हणून वहिनी उठल्या आणि गार फरशीवर आडव्या झाल्या. इस्पितळात न्यायला जटक्याची घोडागाडी येईपर्यंत आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मूल वाचलं नाही. वहिनी इस्पितळातून घरी आल्या तेव्हा सोफ्यावर स्वतः चादर अंथरून अण्णा म्हणाले, "बस गं इथं." त्या म्हणाल्या, "नको, मी खालीच बरी." आता त्यांचे गुडघे नीट वाकत नाहीत, तरी माझ्याकडे आल्या की त्या खुर्ची बाजूला सारतात आणि भिंतीला धरून हळूहळू जमिनीवरच बसतात.