सासूबाईंच्या आवाजासाठी हीटसिंक

चेन्नईत, भर मे महिन्यात, घरात बसून हीटर बनवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. मी त्याला अँप्लिफायर म्हणत होतो, बायको हीटर म्हणायची, आणि बरेच दिवस तिचंच खरं होतं.

हा उद्योग सुरू झाला सासूबाईंच्या घशावरून. त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, बाई ठणठणीत झाली, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, तिथली नस नाजूक असते, असं होतं कधीकधी, आवाज येईल किंवा नाहीही येणार. वर्ष झालं तरी आला नाही. उरली ती नुसती कुजबुज. आमच्या सासऱ्यांचा आवाज गेला असता तर घरात कोणाला आठवड्याने कळलं असतं. पण सासूबाईंचा आवाज म्हणजे घराचा कारभार होता. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्या खालच्या वॉचमनला पाण्याची मोटर बंद करायला लावत, आणि शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमनही घाबरून आपली बंद करत असे.

मी मूळचा साताऱ्याचा. ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलो आणि एका तंजावर मराठी घराचा जावई झालो. सासूबाईंची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, कोणीतरी जुनी बखर वाचतंय आणि मधेमधे तमिळ फोडणी घालतंय. "मापिळ्ळै, चुम्मा बसून काय करतां? ऊठा, नळ पहा!" मापिळ्ळै म्हणजे जावई आणि चुम्मा म्हणजे उगीच. हे दोन शब्द मी सगळ्यात आधी शिकलो, कारण ते नेहमी जोडीने यायचे. कारखान्यात मला तमिळमध्ये बोलणी बसत, मोठ्या साहेबांकडून इंग्रजीत. मराठीत माझी खरडपट्टी काढणारी या अख्ख्या शहरात एकच बाई होती, आणि तिचीच वाचा बसली. मला करमेना. सासूच्या बोलण्यांवाचून झुरणारा जावई लोकांना हसू आणेल, पण मी झुरत होतो.

सासऱ्यांचं मात्र छान चाललं होतं. आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. खुर्ची, पेपर आणि कॉफी. सासूबाई जवळ येऊन काही कुजबुजल्या की हे पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "ऐकूं नाही आलं." दोनदा सांगून त्या कंटाळून निघून जायच्या. मला तेव्हा त्या पेपराला काडी लावावीशी वाटे.

बायको सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे सरळ विचार करते. ती म्हणाली, "शिक्षक कमरेला माइक बांधतात ना, तसला मागव. उद्या येईल." पण त्या डबड्यातून माणूस बोलला की पिंपात बसून बोलल्यासारखं वाटतं, आणि मला शाळेपासून अँप्लिफायर जुळवायचा नाद. सासूबाईंचा आवाज परत द्यायचा तर तो अस्सल द्यायचा, असं मी ठरवलं. म्हणून क्लास ए जातीचा अँप्लिफायर करायला घेतला. त्याचा आवाज आरशासारखा स्वच्छ असतो. पण कोणी बोलो न बोलो, तो सतत वीज खातो आणि तिची उष्णता करून बसतो. त्या उष्णतेने ट्रान्झिस्टर जळू नयेत म्हणून त्यांना अॅल्युमिनियमच्या पात्यापात्यांच्या ठोकळ्यावर स्क्रूने आवळतात. तो हीटसिंक. ठोकळा उष्णता शोषतो आणि पात्यांतून हवेत सोडतो.

ठोकळा केवढा हवा याचं एक गणित असतं. त्यात खोलीचं तापमान पंचवीस अंश धरलेलं होतं, मीही तेच धरलं. साताऱ्याचं डोकं, दुसरं काय! चेन्नईत पंचवीस अंश फक्त बँकेत असतात. पहिल्याच चाचणीत ठोकळा असा तापला की ट्रान्झिस्टरने राम म्हटला आणि घरभर करपट वास सुटला. सासूबाई आल्या, ठोकळ्यावर पाण्याचे थेंब शिंपडले, चर्र झालेलं ऐकलं आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, "मापिळ्ळै, यावर डोसा घालूं?"

मग रिची स्ट्रीट. तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हीटसिंक ढिगाने पडलेले असतात आणि वजनावर मिळतात. मी दुप्पट मोठे दोन घेऊन आलो, पाटा-वरवंटा वाहून आणल्यासारखा घामाघूम. सासऱ्यांनी पेपर खाली केला आणि ठोकळ्यांची बारकाईने पाहणी केली. "आणखी मोठे हवेत, मापिळ्ळै. घाई करूं नका." मला वाटलं, बुवा रस घेतायत. तिसऱ्यांदा तोच सल्ला मिळाला तेव्हा लक्षात आलं की त्यांना हीटसिंक मोठा नको होता, उशीर मोठा हवा होता.

बसवण्यातही मी कमी दिवे लावले नाहीत. ट्रान्झिस्टरच्या धातूच्या पाठीत वीज खेळत असते, म्हणून तो आणि ठोकळा यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा ठेवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावायची. पेस्ट अगदी पुसटशी लावायची असते. मी पुरीवर श्रीखंड लावतात तशी लावली. स्क्रूलाही प्लॅस्टिकची बारीक टोपी लागते. ती एका ठिकाणी विसरलो आणि बटण दाबताच घरात अंधार झाला. सासरे अंधारातून म्हणाले, "बरं झालं, आतां शांत पडा." ते निस्तरलं, तरी ठोकळे तापतच होते, कारण डबा टीव्हीखाली मावावा म्हणून मी पाती आडवी ठेवली होती. गरम हवा वर जाते हे मला शाळेपासून ठाऊक होतं, पण टीव्हीचं कपाट समोर आलं की शाळा आठवत नाही. पाती उभी केली, डबा कपाटाबाहेर काढला, आणि ठोकळ्यावर निवांत हात ठेवता येऊ लागला. मधल्या काळात ठोकळ्यांना भोकं पाडताना उडालेला अॅल्युमिनियमचा कीस रव्याच्या डब्यात सापडला, त्यावरून बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मी माइक सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी केसांत मोगरा माळला होता. वर्षभराचं साचलेलं बोलणं होतं, आणि रोख कोणावर हे सांगायला नको. सासरे पेपराआड पेंगत होते. सासूबाईंनी माइक ओठांशी नेला.

"अहो! कॉफी झाली, पेपर झाला, आतां ऊठा!"

आणि खोलीभर पसरली ती कुजबुज. आवाज आलाच नाही. एखाद्या राक्षसाने कानाशी येऊन फुसफुसावं तशी भलीमोठी, स्वच्छ, निर्दोष कुजबुज. अँप्लिफायर असेल तेच मोठं करतो. नसलेलं तो आणणार कुठून? इतके दिवस ठोकळे, पाती, पेस्ट करत बसलो आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. बायकोकडे बघवेना.

तेवढ्यात सासरे दचकून ताडकन उभे राहिले. पेपर खाली पडला. "यस सर!" त्यांनी समोरच्या स्पीकरला सांगितलं.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलू लागले. हे आम्ही वर्षभर पाहत होतो. ठसका लागला समजून बायको पळत कोमट पाणी आणायची, आताही ती पेला घेऊन उठलीच. पण माइक त्यांच्या पदरातच होता. स्पीकरमधून धापा यायला लागल्या, छोट्या छोट्या, एकीच्या मागे एक, आणि शेवटी दम संपताना बारीकशी शीळ.

"अम्मा हसत्ये," बायको म्हणाली. तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

वर्षभर ती बाई या घरात हसत होती आणि आम्ही तिला पाणी पाजत होतो.

सासरे भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं. मे महिना, दुपारचे दोन. घरघर थांबली आणि खोलीत तो श्वास आणखी स्पष्ट ऐकू येऊ लागला.

"अप्पा, हीटसिंकला वारा लागतो," मी म्हणालो, "जळेल ते."

"जळूं द्या." त्यांनी खुर्ची ओढली आणि सासूबाईंसमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. कपाळावरून घाम वाहत होता, तो त्यांनी पुसलाही नाही.

"आतां परत हास," ते म्हणाले.