एका तापाचे अनेक वाण आणि आमच्या कुंदाताई

डॉ. कुंदा टेंभुर्णे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. माझी साठी गेल्या महिन्यातच झाली. घरी शिरा केला, मुलाने फोन केला, संपले. कुंदाताईंच्या साठीला मात्र गौरवग्रंथ निघतो आहे. 'तुम्ही त्यांचे सर्वांत जुने स्नेही' असे म्हणून संपादकांनी मला लेख मागितला. स्नेही हे खरे. पण मी त्यांच्यावर आयुष्यभर जळत आलो, हेही तितकेच खरे आहे आणि या वयात गौरवलेखातही खोटे लिहायचे म्हणजे अतीच झाले.

आमची पहिली ओळख नागपुरात, पशुवैद्यकीय शिक्षण घेताना झाली. मी मोहाडीकडचा, त्या साकोलीच्या; दोघेही भंडारा जिल्ह्यातले. त्यांचे वडील बस आगारात मेकॅनिक. एका प्रात्यक्षिकात सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली गाईच्या रक्ताची काच ठेवली होती. मी डोळा लावला आणि लगेच रोग सांगितला. गोचीड ताप. उत्तर बरोबर होते, सरांनी मान डोलावली, मी छाती फुगवून बाजूला झालो. मग कुंदाताई पुढे आल्या. त्या बघतच राहिल्या. मागची मुले चुळबुळ करू लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, हे सगळे परजीवी दिसतात सारखे. पण सारखेच असतात का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. माझे बरोबर उत्तर त्या दिवशी सगळे विसरले आणि कुंदाताईंच्या प्रश्नावर सर अर्धा तास बोलले. माझी जळजळ तिथून सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही.

त्याच प्रश्नामागे त्या पुढे आयुष्यभर लागल्या. भंडाऱ्याच्या वाचकाला त्यांचे काम समजायला जड जाऊ नये. भात म्हटले तरी आपल्याकडे त्यात किती वाण असतात! तसेच या तापाच्या परजीवीचे आहे. नाव एक, वाण अनेक. एकाच गाईच्या रक्तात एकाच वेळी त्याचे कितीतरी वाण सुखाने नांदत असतात. आम्ही डॉक्टर मंडळी समजत होतो की, गाईला हा ताप एकदा येऊन गेला की ती सुटली. कुंदाताईंनी दाखवले की, एका वाणातून उठलेली गाय दुसऱ्या वाणापुढे आडवी होऊ शकते. गावातल्या गाईला हे वाण वासरूपणापासून एकेक करून भेटत जातात, म्हणून ती निभावून नेते. बाहेरून आलेल्या गाईला ते एकदम भेटले तर तिचे हाल होतात. रक्तात परजीवी आहे की नाही एवढेच बघून भागत नाही. कोणते वाण, किती आणि कोणत्या क्रमाने आले, यावर दुखणे हलके की भारी ते ठरते.

हे सारे कुंदाताई प्रयोगशाळेत बसून शोधत होत्या, तेव्हा मी चिखलात गुडघाभर उभा राहून म्हशींची अडलेली बाळंतपणे करत होतो. त्यांची परदेशवारी मला वर्तमानपत्रातून कळली. ते वर्तमानपत्र मी त्याच दिवशी दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या गुंडाळायला वापरले.

पण मला सांगायची आहे ती आसगावची हकीकत. तेव्हा माझी नेमणूक पवनी तालुक्यात होती. आसगावच्या बायकांनी दुधाचा गट काढून परजिल्ह्यातून संकरित गाई आणल्या होत्या. गटाच्या प्रमुख पार्वताबाई. घरोघरी फिरून, नवऱ्यांच्या शिव्या खाऊन त्यांनीच सगळ्या जणींना राजी केले होते. महिनाभरात नव्या गाई तापाने फणफणू लागल्या. गावच्या गाई मात्र ठणठणीत होत्या. पार्वताबाईंची पहिली गाय गेली. दुसरी, लाली, तिच्याही गळ्याखाली गाठी आल्या. लाली गेली तर बाकीच्या बायका गाई विकून मोकळ्या होणार होत्या आणि पार्वताबाईंना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. मी इंजेक्शन दिले. पण गाई विकत घेताना तपासलेल्या होत्या, हा ताप त्यांना आधी येऊनही गेला होता. मग पुन्हा का? मला काही सुचेना. अगदी जिवावर आले होते, तरी कुंदाताईंना फोन लावला.

त्या दुसऱ्या दिवशी हजर. आल्या त्या लालीकडे गेल्याच नाहीत. गावच्या धडधाकट गाईंचे रक्त काढू लागल्या. मी चिडलो. म्हटले, "ताई, आजारी गाय तिकडे आहे."

"तिकडे तुम्ही आहात ना, मनोहरभाऊ," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गोठ्यात शिरल्या.

मग त्यांनी पार्वताबाईंना विचारले, नवी गाय आली की पहिल्या दिवशी काय करता?

"काय करतो म्हंजे? कुंकू लावतो, भाकर देतो. अन् वस्तीतली सगळ्यात म्हातारी गाय अस्ते ना, तिच्याजवळ बांधतो. नवीन जागा राह्यते, बिचकते थे. म्हातारीजवळ रुळते."

मी त्या गावात कितीदा गेलो असेन! ती म्हातारी गाय आणि तिच्या शेजारची नवी गाय मी रोज पाहत होतो. मला ते नुसते कौतुकाचे वाटायचे. कुंदाताई मात्र तिथेच थबकल्या आणि त्यांनी म्हातारीचे रक्त स्वतः काढले.

रक्ताचा निकाल आला तेव्हा त्या स्वतः पुन्हा आसगावला आल्या. म्हातारीच्या रक्तात एवढे वाण होते की, तेवढे गावातल्या दुसऱ्या कोणत्याच गाईत नव्हते. आयुष्यभर जमा होत आलेले. तिला त्यांचा काही त्रास नव्हता. पण तिच्यावरचे गोचीड गोठ्याच्या भिंतीत उतरायचे आणि तिथून शेजारच्या नव्या गाईवर चढायचे. नवीला स्वतःच्या गावचा एखादा वाण ठाऊक. इथे सगळे एकदम.

कुंदाताईंनी हे बायकांना त्यांच्याच बोलीत समजावले. पार्वताबाई ऐकत होत्या. एकाएकी त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजे पहिली गाय मीच मारली का, मॅडम? मीच त बांधली होती तिले म्हातारीजवळ."

कुंदाताई त्यांच्याशेजारी खालीच बसल्या. "नाई वो बाई," त्या म्हणाल्या, "तुमी तिले सोबत देल्ली. सोबतीनं काय होते, हे आमा डॉक्टरांले ठाऊक असाले पाह्यजे होतं. तुमाले काहून लागते दोष?"

आमा डॉक्टरांले. त्यात मीही होतो, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. असे वाक्य मला मेलो तरी सुचले नसते. ज्ञानाबद्दल मी जळतच होतो. त्या दिवसापासून या गोष्टीसाठीही जळू लागलो, आणि ही जळजळ जास्त वाईट आहे.

पुढे गावात चाल बदलली. नवी गाय आता आधी वेगळी बांधतात, भिंतीच्या भेगा बुजवतात, गोचिडांवर औषध लावतात. कुंकू आणि भाकर तशीच आहे; त्याला कुंदाताईंनी हात लावू दिला नाही. ज्या बायका माझे ऐकायला चार चकरा मारायला लावत, त्यांनी मॅडमचे एका बैठकीत ऐकले. पुढे एका मोठ्या सभेत कुंदाताईंनी आसगावचे काम सांगितले, तेव्हा पहिले नाव माझे घेतले. माणसाला भांडायचे सुखही त्या मिळू देत नाहीत.

लालीचे म्हणाल तर आठ-दहा दिवस ती खाली मान घालून उभी होती. पार्वताबाई तिच्याजवळून हलत नव्हत्या. मी रोज जाऊन येत होतो. एका सकाळी गेलो तर लाली गवताला तोंड लावत होती आणि पार्वताबाई तिच्या मानेवर हात ठेवून रडत होत्या. गट मोडला नाही. आज गावात पूर्वीपेक्षा अधिक गाई आहेत.

त्या सकाळी पार्वताबाई मला म्हणाल्या, "सायेब, तुमीच वाचवली माही गाय. इंजेक्शन त तुमीच देल्लं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळले नसते. पण मी म्हणालो, "मी ताप उतरवला, बाई. तो कुठून आला ते मॅडमनी शोधलं. पुढची गाय त्यांच्यामुळं वाचेल." कोणी न विचारता मी कुंदाताईंची बाजू घेतली होती, आणि मनापासून घेतली होती. घरी येईपर्यंत माझा मलाच राग येत होता.

देवाधर्माचे कुंदाताई काही मानत नाहीत, म्हणून कोणाला साकडे घालत नाही. सरळ त्यांनाच सांगतो. ताई, तब्येतीला जपा. गुडघे दुखतात ते लपवू नका, नातवंडांच्या मागे धावा, प्रयोगशाळा सोडू नका आणि पुष्कळ, पुष्कळ जगा. मला तुमच्यावर अजून बरीच वर्षे जळायचे आहे, आणि त्या लायकीचे दुसरे कोणी मला या जिल्ह्यात दिसत नाही.