नव्वद हजार कालवांची झोप

अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वेलफ्लीट गावात एखाद्याचं घर ऊबदार आहे असं कोणी म्हणालं, तर ती स्तुती असेलच असं नाही. समुद्रातली कालवं पिकवणाऱ्याला एक तळघर लागतं आणि ते थंडगार लागतं. डिसेंबरात बंदरावर बर्फ धरायच्या आत कालवं पाण्यातून उपसायची, तळघरात ओल्या गोणपाटाखाली निजवायची आणि मार्चात पुन्हा नेऊन पाण्यात ठेवायची. मधले अडीच-तीन महिने ती खात नाहीत, पीत नाहीत, तोंड उघडत नाहीत. असे पाहुणे गावातल्या कितीतरी बायकांना नवऱ्यापेक्षा बरे वाटतात. अट एकच. तळघरातली हवा पाणी गोठतं त्याच्या जराशीच वर हवी. फार गारठली की कालवं मरतात. ऊब लागली की त्यांना वाटतं वसंत आला, ती तोंड उघडतात आणि मग मरतात.

लविनिया डोनचं तळघर पस्तीस वर्षं या कामाला उत्तम होतं. मग तिच्या मुलाला आईची दया आली.

वॉरन बॉस्टनला असतो. चांगला मुलगा, दर रविवारी फोन करणारा. ऑक्टोबरात लविनिया चार दिवस बहिणीकडे गेली, तेवढ्यात याने माणसं आणून तळघरात घर तापवणारी ही एवढी भट्टी बसवली, घरभर नळ फिरवले आणि आई परत आली तेव्हा दारात उभा राहिला, कानापासून कानापर्यंत हसत.

"आई, आता थंडीत गुडघे धरून बसायचं नाही. कळलं?"

लविनियाने त्याला पोटाशी धरलं. डोळ्यांत पाणी आलं ते खरंच आलं. पण त्याच्या खांद्यावरून ती बघत होती तळघराच्या दाराकडे, आणि तिथून पाव भाजतात तशी ऊब वर येत होती.

भट्टी गुपचूप बंद करावी म्हटलं, तर घर किती गरम आहे हे वॉरनला बॉस्टनमध्ये बसून फोनवर दिसायचं. पारा दोन अंश उतरला की लगेच घंटी. "आई, बरी आहेस ना?" आता एवढ्या मायेने दिलेल्या वस्तूला तिने काय म्हणायचं? म्हणाली, "बरी आहे रे, खिडकी उघडी राहिली होती."

बाहेर बंदरात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या तिच्या पट्ट्यावर, लोखंडी मांचांवर बांधलेल्या जाळीच्या पिशव्यांत नव्वद हजार कालवं होती. तीन वर्षांची मेहनत. नखाएवढी पिल्लं आणून, चाळून, धुऊन, उलटीपालटी करून तळहाताएवढी केलेली. ती कुठे निजवायची?

ज्याची त्याची तळघरं ज्याच्या त्याच्या कालवांनी भरणार होती. मासळीवाल्याचं शीतगृह होतं, पण तिथली कोरडी हवा कालवांना मानवत नाही. गावात रिकामी जागा एकाच घरात होती. एनॉक क्रोएलच्या. त्याचं तळघर दुहेरी, कोणा खलाशी खापरपणजोबाने बांधलेलं, आणि त्या वर्षी पाठीच्या दुखण्यापायी त्याने निम्मीच कालवं लावली होती. शिवाय गारठा म्हणाल तर त्याचं सगळं घरच तळघर. एनॉक लाकूड जाळायचा ते फक्त कॉफीपुरतं. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको बहिणीला भेटायला फ्लोरिडाला गेली, ती अजून भेटतेच आहे.

अडचण अशी की एनॉक आणि लविनिया वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

शाळेत दोघं एका बाकावर होती. पट्टेही शेजारी शेजारी, फक्त लविनियाचा समुद्राच्या अंगाला आणि एनॉकचा आत, नदीचं पाणी येऊन मिळतं त्या कोपऱ्याला. वीस वर्षांपूर्वीच्या शरदातल्या जत्रेत एका पाहुण्याने लविनियाला विचारलं, एनॉकची कालवं कशी आहेत? तिने त्याच्या ताटातलं एक खाल्लं आणि म्हणाली, "पावसात भिजलेला पाव खाल्लाय का कधी?" एनॉक दोन पावलांवर उभा होता. तो म्हणाला, "डोनबाईंची खाऊन बघा. सोबत डॉक्टर असू द्या, मीठ उतरवायला." झालं. तेव्हापासून ओहोटीला दोघं वीस हातांवर पाठीला पाठ लावून काम करायची आणि निरोप असला तर तो फिलोमेना कोस्टाच्या खाणावळीतून जायचा.

नोव्हेंबर संपला. लोक पिशव्या उपसायला लागले. लविनिया मात्र कोणी विचारलं की नाक वर करून सांगायची, "थांबते अजून. थंडीत कालव साखर साठवतं. तुम्ही घाई करता आणि अर्धवट गोड माल निजवता."

यात खोटं काही नव्हतं. बर्फाच्या आदल्या आठवड्यातलं कालव वर्षात सगळ्यात गोड. पण फिलोमेनाला हे ऐकून ऐकून कंटाळा आला. एका दुपारी तिने लविनियापुढे सॉसेज घातलेल्या पालेभाजीच्या सुपाचा वाडगा ठेवला आणि समोरच बसली.

"अगं, साखरेचं सोंग पुरे. तुझ्याकडे जागा नाही हे गावातल्या मांजरांनाही माहीत आहे."

"कोण म्हणतं?"

"तुझ्या घरी परवा पोस्टमन कोट काढून बसला होता. डिसेंबरात! एनॉककडे जा."

"त्याच्या दारात? त्यापेक्षा न्हाणीघरात ठेवीन."

"नव्वद हजार? मग आंघोळीला माझ्याकडे येशील का?" फिलोमेनाने आवाज खाली आणला. "लविनिया, गुरुवारपासून उत्तरेचा वारा आहे. बर्फ भरतीबरोबर सरकायला लागला की मांच कापून नेईल. मग तुझी साखर खाडीतले मासे चाखतील."

लविनियाने सूप संपवलं, वाडगा पुसला, टोपी घातली. "तू चल बरोबर," म्हणाली. "साक्षीला."

वाटेत तिने स्तुतीची उजळणी केली. फिलोमेनाने ती ऐकली म्हणूनच आज गावाला तोंडपाठ आहे. "एनॉक, तुझी कालवं फार सुधारली आहेत. एनॉक, मी तरुण होते, काहीतरी बोलून गेले." दुसऱ्या वाक्याला तिचा चेहरा असा व्हायचा की फिलोमेना म्हणाली, "ते राहू दे. पहिल्यावरच भागव."

एनॉक घराच्या मागच्या पायरीवर बादली घेऊन बसला होता. अंगात दोन कोट. बायकांना पाहून उठला नाही.

"या या, मिसेस डोन. आमच्या गरिबाच्या पायरीवर?"

"काम आहे."

"ते कळलं. काम काय तेही कळलंय. पोस्टमन माझ्याकडेही येतो." त्याने बादलीतून एक कालव काढलं. "तळघर देईन. नाही असं नाही. पण आधी हे खायचं आणि खरं सांगायचं. या बाईंच्या समोर. वीस वर्षांपूर्वी लोकांसमोर बोललात, आज लोकांसमोर बोला."

त्याने बिजागरीत सुरी घातली, मनगट वळवलं, वरची शिंप उडवली आणि खालची हातात धरून पुढे केली. "असंच घ्या. नळ गोठलाय. धुवायला पाणी नाही."

लविनियाने शिंप ओठाला लावली. ठरलेलं वाक्य जिभेवर तयार होतंच. त्याच जिभेवर कालव आलं. आधी मीठ, पण हलकं, तिच्या कालवांसारखं अंगावर येणारं नाही. मग चावल्यावर साय. आणि मग गोडवा. तो येतच राहिला. गिळून झालं तरी जिभेच्या मागे कुठेतरी कोवळ्या मक्याच्या दाण्यासारखा रेंगाळत राहिला. लविनियाने पस्तीस वर्षांत या बंदरातल्या प्रत्येक पट्ट्यावरचं कालव खाल्लं होतं. असं नव्हतं खाल्लं.

 ठरवलेलं सगळं विसरून ती म्हणाली, "एनॉक, हे माझ्यापेक्षा चांगलं आहे."

एनॉकचा चेहरा पडला.

"छान," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही निदान खोटं तरी बोलणार नाही. वीस वर्षं पावसातला पाव, आणि आज तळघर हवंय तर एकदम सगळ्यात चांगलं!" त्याने सुरी पुसली. "जा तुम्ही. खुशामत करणाऱ्याचा माल मी घरात ठेवत नाही."

"अरे, खुशामत नाही."

"नाही कशी? चेहराच सांगतोय."

आता हा अन्याय होता. लविनिया खोटं बोलायला आली होती, ते बोलायची वेळच आली नाही, आणि खरं बोलल्याबद्दल हाकलली जात होती. ती वळली. चार पावलं गेली. फिलोमेना कपाळाला हात लावून उभी. बंदरात वाऱ्याने लाटांना पांढऱ्या कडा आल्या होत्या. आणि मग लविनिया थबकली आणि परत फिरली.

"धुवायला म्हणजे?"

"काय?"

"आत्ता म्हणालास, धुवायला पाणी नाही. काय धुवायला?"

"कालव. उघडलं की नळाखाली धरायचं. वाळूचा कण दाताखाली आला तर गिऱ्हाईक नाव ठेवतं."

"उघडल्यावर? आतलं पाणी सांडून?"

"सांडून. मग स्वच्छ होतं."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. आई तशीच करायची. आमच्या घरी स्वच्छता असते, मिसेस डोन."

त्यानंतर लविनिया जे बोलली ते बंदराच्या पलीकडच्या धक्क्यापर्यंत ऐकू गेलं असं तिथले लोक शपथेवर सांगतात. "अरे गाढवा! मूर्खा! लाकडाची काडी जाळताना तुझा जीव जातो आणि ही दौलत मोरीत सोडतोस? तीन वर्षं समुद्र त्या शिंपेत एवढंसं पाणी भरतो, नदी त्यात गोडी घालते, आणि तू ते नळाने धुतोस! वर सुरी कशी चालवतोस बघ, पोट फाडतोस त्याचं, बटाटा सोलतोयस का? बंदरातलं सगळ्यात चांगलं कालव तुझ्या पट्ट्यावर पिकतं, एनॉक क्रोएल, आणि ते आजवर कोणी खाल्लेलंच नाही! तूसुद्धा नाही! वीस वर्षं लोकांना भिजलेला पाव खायला घातलास आणि वर रुसून बसलास!"

तिला धाप लागली.  मग एनॉकने बादलीतून एक कालव काढलं. या वेळी सुरी हळू चालवली, शिंपेच्या छताला चिकटवून. पाणी सांडू न देता शिंप तोंडाशी नेली. खूप वेळ चावत बसला. दुसरं उघडलं, तेही खाल्लं. तिसरं उघडलं आणि फिलोमेनाकडे केलं.

फिलोमेनाने खाल्लं आणि म्हणाली, "देवा."

एनॉकने नाक पुसलं. थंडीही होती म्हणा.

"तळघराचं बाहेरचं दार फुगलंय," तो म्हणाला. "ओढून उघडत नाही. खालच्या कोपऱ्यात लाथ मारावी लागते, लविनिया."

हातात दिवसाउजेडाच्या दोनच ओहोट्या होत्या. बुधवारची आणि गुरुवारची. फिलोमेनाने खाणावळ बंद ठेवली, आणि गावात ज्याच्याकडे ट्रक होता तो वाळूवर घेऊन आला. दहा-बारा माणसं, कंबरेपर्यंत रबरी बूट, बोटं बधिर. पिशव्या मांचावरून सोडवायच्या, ट्रकमध्ये टाकायच्या, एनॉकच्या घरी उतरवून खोलगट बाजू खाली ठेवून थर लावायचे, म्हणजे झोपेतसुद्धा कालवाचं पाणी आतच राहतं. एनॉकला पाठीमुळे उचलता येत नव्हतं. तो तळघराच्या पायरीवर बसून प्रत्येकाला चुका सांगत होता, म्हणजे त्याने सगळ्यांपेक्षा जास्त काम केलं. गुरुवारी शेवटचा ट्रक निघाला तेव्हा काठावरच्या पाण्याला बर्फाची साय धरली होती. शनिवारी भरतीबरोबर बर्फाच्या लाद्या आल्या आणि लविनियाचे सहा रिकामे मांच घेऊन गेल्या.

हिवाळाभर ती रोज सकाळी एनॉककडे जाई. पारा बघायचा, गोणपाटावर समुद्राचं पाणी शिंपडायचं. गावाने या फेऱ्यांचे नाना अर्थ लावले. फिलोमेनाने एकदा सरळच विचारलं. लविनिया म्हणाली, "त्याच्या घरात प्रेम करायला गेलं तर न्युमोनिया होईल." पण जाताना ती घरच्या भट्टीवर शेकलेली वीट फडक्यात गुंडाळून त्याच्या पाठीसाठी नेते हे पोस्टमनने पाहिलं होतं. आणि जानेवारीत एनॉकची कालवं खाणावळीच्या फळीवर आली, त्यांच्या अंगच्या पाण्यासकट. जुने लोक एक खात, मग दुसरं मागवत, मग अख्खं ताट.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बंदर मोकळं झालं. लविनियाने गोणपाट काढलं. तिने वरच्या पिशवीतून दोन कालवं घेतली आणि एकमेकांवर आपटली. मेलेलं कालव पोकळ वाजतं. ही दगडासारखी वाजली. दुसऱ्या थरातली, तिसऱ्या, भिंतीकडची, सगळी दगडासारखी. पिशवीमागे चार-पाच गेली असतील, तेवढी कुठल्याही हिवाळ्यात जातात.

ओहोटीला पिशव्या पुन्हा मांचांवर बांधल्या गेल्या. पाणी परत चढायला लागलं आणि घोट्यापर्यंत आलं तेव्हा लविनिया वाकून बघत होती. जाळीतल्या शिंपा केसाएवढ्या उघडल्या आणि प्यायला लागल्या. वीस हातांवर एनॉक आपल्या पट्ट्यावर उभा होता, हात कंबरेवर.

लविनिया सरळ झाली. एकदा बंदराकडे पाहिलं, एकदा बुटांकडे.

"एनॉक! उपकार झाले रे तुझे!"

"काय?" एनॉकने कानाला हात लावला. "वारा आहे!"

"उपकार झाले म्हटलं!"

"ऐकू येत नाही, लविनिया! मोठ्याने बोल!"

वारा होता, पण त्याच्याकडेच वाहत होता. आजूबाजूच्या पट्ट्यांवरचे लोक हातातली कामं टाकून उभे राहिले. लविनियाला हे कळलं. तिने छातीभर हवा घेतली आणि सगळ्या वाळूवर ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून, तिसऱ्यांदा त्याचे आभार मानले.

"अच्छा, ते होय," एनॉक म्हणाला, आणि हद्दीपाशी येऊन, वाकून तिच्या शेवटच्या मांचाची गाठ घट्ट करायला लागला.