हन्नोंदु की हन्नेरडु

उमरग्याला हायवेलगत उस्तादांचं गॅरेज आहे. तिथं मी नऊ वर्षं काढली. उस्ताद घरी कानडी बोलायचे आणि मोजायचं काहीही असलं, नट असोत की वायसर, तरी कानडीतच मोजायचे. मी ढोकीकडचा. मला दहापर्यंतचे कानडी आकडे यायचे. पुढचेही येतात असं मी सगळ्यांना सांगायचो.

गेल्या हंगामाच्या तोंडावर ऊस ओढणारा एक ट्रॅक्टर आला. मागच्या सीलमधून तेल गळून क्लच घसरत होता, म्हणून इंजिन उतरवलं. सील बदललं की काम संपलं असतं, पण मला कुठं गप्प बसवतंय. "इंजिन खाली हायच, तर हेड काढून वॉलबी बघू," मी मालकाला म्हणालो. त्याला दुसऱ्या दिवशी कारखान्याला पहिली खेप न्यायची होती, तो नकोच म्हणत होता. मी हट्टाला पेटलो. हेड काढलं तर एका वॉलची, म्हणजे व्हॉल्व्हची, कड जळलेली आणि एक स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा बुटकी निघाली. मी दोन्ही त्याच्या नाकासमोर धरली आणि स्वतःवरच खूश झालो.

वॉल सहा. प्रत्येकाच्या मानेला स्प्रिंग धरून ठेवणारे दोन अर्धगोल लॉक, करंगळीच्या नखाएवढे. हेड इंजिनशेजारच्या फळीवर ठेवून मी लॉक काढत होतो आणि उस्ताद ते डिझेलच्या ताटलीत धुऊन मोजत होते. शेवटी ते काहीतरी म्हणाले. मी ऐकलं 'हन्नेरडु', म्हणजे बारा.

"व्हय, बरोबर," मी म्हणालो.

जळलेला वॉल बदलला, दुपारभर पेस्ट लावून सगळे घासले. वर डिझेल ओतून थांबलो, थेंबही पाझरला नाही. नवी स्प्रिंग घातली. वॉल बसवत शेवटच्यापर्यंत आलो, आणि ताटलीत एकच लॉक उरला होता.

फळीखाली, पायाखाली सगळीकडं लोहचुंबक फिरवला. काही नाही. मग नजर इंजिनवर गेली. उघड्या इंजिनवर फडकं टाकायचं, हा उस्तादांचा एकच नियम होता. ते फडकं मी हात पुसायला घेतलं होतं. पुशरॉडची भोकं थेट खाली तेलाच्या चेंबरपर्यंत जातात. आतला लॉक एखाद्या गिअरच्या दातात सापडला तर मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या असताना इंजिन हायवेवर जाम होणार, आणि स्टिअरिंगवर हाच मालक असणार.

आमच्या डब्यात जुने लॉक पडून असायचे. त्यातला एक मी उचलला. मालक दारात पाठमोरा चहा पीत होता. सांगायची लाज वाटते, पण मी स्प्रिंग दाबायला घेतलीही होती. तेवढ्यात स्वतःचाच संताप आला, आणि तो मी उस्तादांवर काढला.

"तुम्ही बारा म्हणालात ना?"

"हन्नोंदु म्हणालो. अकरा," ते म्हणाले. "तू व्हय म्हणालास. मला वाटलं बारावा तुज्या हातात हाय."

मालक वळला. उस्तादांनी इंजिन बघितलं, माझ्या खांद्यावरचं फडकं बघितलं. ओरडले नाहीत. "चेंबर खोल," एवढंच म्हणाले. मी डब्यातला लॉक डब्यात टाकला आणि इंजिन साखळीनं वर ओढलं. मग एकेक बोल्ट काढत चेंबर उतरवलं.

चेंबरच्या तळाशी, गाळात बोटं फिरवली. लॉक सापडला. एक नाही, दोन. एक लखलखीत, आमचा. दुसरा काळाकुट्ट.

"ह्यो कुणाचा?" मालकानं विचारलं.

उस्ताद हळूच टायरवर बसले. "माजा. चार वरसांमागं ह्येच हेड म्या एकट्यानं खोललं हुतं. एक लॉक घावंना, तर डब्यातला बसवला अन् गप ऱ्हायलो. तवापासनं तुमचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की हातातलं काम थांबवून आवाज ऐकत बसतो."

मला उस्तादांकडं बघवेना. मालकानं तो काळा लॉक तळहातावर घेऊन बघितला.

"आनखी काय सांगायचं ऱ्हायलंय का?" त्यानं विचारलं.

तो उस्तादांना विचारत नव्हता, माझ्याकडं बघत होता.

"म्याबी डब्यातला उचलला हुता," मी म्हणालो.