मार्थाचा मश्रूम

शाळेतली नोकरी संपते, किस्से संपत नाहीत. जुन्या स्टाफरूममधले चार जण भेटले की एकेक वर येतोच. बाकीचे मी हसत सांगते. हा सांगताना मात्र अजून मान खाली जाते. पण तुम्ही काय, घरचेच!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नंदाखाल गावाच्या बाजूला आमची शाळा, आणि सेसिलियाबाई सगळ्यांत सीनियर. एक दिवस त्यांनी काचेची बरणी आणली. आत गोड कोरा चहा, वर जाड पांढरट साय. "हा मश्रूम. आठ दिवसांत चहाचं आंबट सरबत होतं, वर नवा पदर धरतो. पोटाला उत्तम!"

बांद्र्याची त्यांची थोरली बहीण मार्था नुकतीच वारली होती. तिच्या घरातून बाईंनी एवढी बरणीच आणलेली. मार्थाचा नियम होता: विकायचा नाही, टाकायचा नाही, मागेल त्याला पदर द्यायचा. मी मागितला, ड्रॉइंगच्या मार्टिन सरांनीही मागितला.

"बाई, हा प्यायचा की पाळायचा?" सरांनी विचारलं.

"दोन्ही!"

*

आमच्या घरी सासूबाईंनी बरणीत वाकून पाहिलं आणि लुगड्याचा पदर नाकाला लावला.

"हे वशाट आहे!"

"अहो, चहा आहे."

"चहाला कातडी असते का? सोमवारी घरात नको हं!"

मग दर सोमवारी बरणी पडवीत. तिथे मांजरसुद्धा तिच्याकडे पाठ करून बसायचं.

*

मार्टिन सरांच्या काकांना कुणीतरी सांगितलं, हे आंबवलेलं असतं. झालं! नाताळाची वाट न बघता काकांनी चार ग्लास रिचवले आणि खुर्चीत वाट बघत बसले. तासभर काही चढेना.

"ह्याचा सगळा जोर वरच्या सायीत असणार," म्हणत त्यांनी मश्रूमच मीठ लावून खाल्ला!

सरांनी स्टाफरूममध्ये खरं सांगून टाकलं. बाई पोट धरून हसल्या. तेव्हाच मीही बोलायला हवं होतं.

*

कारण आदल्याच दिवशी माझ्या मश्रूमला खालून तपकिरी धागे लोंबताना दिसले होते. सासूबाई म्हणाल्या, "किडे पडले, किडे!" मी घाबरले आणि अख्खी बरणी मागच्या राजेळी केळीच्या बुंध्याशी ओतली.

काकांवरचं हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "धागे लोंबले की समजायचं, जीव धरला. कुंदा, तुझ्याला आले?"

"भरपूर!" मी म्हटलं.

*

आता सरबत आणून दाखवणं आलं. कोरा चहा, गूळ, व्हिनेगर आणि आयत्या वेळी चिमूटभर खायचा सोडा. फसफसलं छान!

बाईंनी घोट घेतला. डोळे भरून आले त्यांचे. "अगदी मार्थाच्या हातचं गं! माझं असं नाही होत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी पुढचं अख्खं सत्र दर शुक्रवारी मी बाटली नेत राहिले. शरम वाटायची, पण बाई बाटलीची वाट बघायच्या.

*

नाताळाआधी बाईंच्या घरी रंगकाम निघालं. रंगाऱ्याच्या शिडीचा धक्का लागला, बरणी फुटली, आणि मश्रूम चुन्यात पडून गेला. त्याच संध्याकाळी बाई आमच्या अंगणात उभ्या. हातात धुऊन पुसलेली रिकामी बरणी.

"कुंदा, तुझ्याकडे आहे म्हणून मी रडले नाही. एक पदर दे."

मी सगळं सांगितलं. व्हिनेगरसुद्धा.

बाईंनी रिकामी बरणी छातीशी धरली. मग विचारलं, "कुठे टाकलास?"

मी केळ दाखवली. बाई तिच्यापाशी गेल्या, कपाळापासून खांद्यांपर्यंत क्रूस केला आणि रिकामी बरणी घेऊन निघून गेल्या. त्यानंतर शाळेत बोलायच्या, पण कामापुरतं.

काही महिन्यांनी त्या केळीचा घड उतरवला. राजेळीच ती, पिकल्यावर नुसता मध! मी अख्खा घड डोक्यावरून बाईंच्या घरी नेला आणि दारात उभी राहिले. माफी मागायलाही तोंड नव्हतं.

बाईंनी एक केळं सोललं. डोळे मिटून अर्धं सावकाश खाल्लं. मग उरलेलं माझ्या हातावर ठेवलं.

"आंबट आहे गं, मार्थाच्या सरबतासारखं," म्हणाल्या, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.