अक्कानं चैत्रात लावलेले टोमॅटो

बीडच्या कोर्टासमोर झेरॉक्स काढत उभा होतो, तेव्हा भाची वैशालीचा फोन आला. "मामा, आई वाफ्यात पडलीय..." एवढंच बोलली. मी दिंद्रुडला पोचलो तोवर अक्का, माझी थोरली बहीण, गेली होती. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला.

अक्कानं आयुष्यभर गावच्या शाळेत भूगोल शिकवला आणि घरामागच्या परसात भाजीपाला केला. कुठलीही भाजी लावण्याआधी तिचं माहेर कुठलं, हे ती बघायची. बटाटा उंच, थंड डोंगरांवरचा, कोबी युरोपातल्या समुद्रकाठचा. म्हणून दोघांना हिवाळा. भेंडी आफ्रिकेची, तिला उन्हाची सवय. वांगं तर आपलंच. एकदा उन्हाळ्यात मी फ्लॉवरची रोपं नेली, तर तिनं ती हातातसुद्धा घेतली नाहीत. "काहून मारायला आणलीस रे? ह्यांना आपलं ऊन सोसत न्हाई," म्हणाली.

तीच अक्का यंदा चैत्रात टोमॅटो लावून बसली. वैशाली पहिल्या बाळंतपणाला आलेली, तोंडाला चव नाही म्हणून जेवत नव्हती. "आई, तुझ्या वाफ्यातल्या टोमॅटोचं सार खावंसं वाटतंय," असं ती सहज बोलून गेली. मी म्हणालो, "अक्का, बाजारात मिळतात की." "मिळतात. पण पोरीनं माझ्याकडं मागितलंय," ती म्हणाली. टोमॅटो दक्षिण अमेरिकेतल्या सौम्य हवेचा, आपल्या उन्हाळ्यात त्याची फुलं गळतात, हे तिनंच मला शिकवलं होतं. तरी तिनं वाफ्यावर जुनी लुगडी बांधली, भर दुपारी कळशीनं पाणी घातलं. फुलं येत आणि गळत. मला सगळं कळत होतं. चार दिवस रजा काढून तिला घरात बसवायला हवं होतं... मी फोनवर "जप" म्हणत राहिलो.

वैशालीला मुलगी झाली. ऊन उतरलं तशी उरलेल्या दोन रोपांना फळं धरली. वैशाली तिकडे बघतही नाही. "माझ्यामुळंच गेली ना, मामा?" तिनं विचारलं.

अक्काच्या खोलीत शाळेनं मोडीत काढलेला जगाचा नकाशा आहे. अक्कानं मातीनं माखलेल्या बोटांनी दाखवून दाखवून दक्षिण अमेरिकेचा काठ काळा पडलाय. परवा खोली झाडताना वैशालीनं तो खालून गुंडाळायला घेतला आणि त्या काळ्या काठापाशी येऊन ती थांबली. अर्धा गुंडाळलेला तो तसाच भिंतीवर लोंबतोय... आम्ही दोघंही आता त्या खोलीत जात नाही.